हौद्यावरचं कव्हर

पिकअपच्या हौद्यावर कव्हर बसवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. शहाण्या माणसाने तो संध्याकाळच्या चहाबरोबर निकालात काढला असता. मी मात्र तो माघापासून पार चैत्रापर्यंत लोंबकळत ठेवला. कव्हर आलं की पिकअपमधली माझी जागा जाणार होती, आणि ही गोष्ट घरात माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानातच आलेली नव्हती.

आमचा धंदा गाद्यांचा. देवासला टेकडीच्या पायथ्याच्या एका गल्लीत पुढे दुकान आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबलचक खोली, कापूस पिंजायचं यंत्र, शिलाई मशीन आणि मी. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून धारला आले ते दरबारचे डेरे आणि राहुट्या शिवायला. त्यातली एक शाखा पुढे देवासला सरकली. दरबार गेल्यावर डेरे कोण शिवून घेणार? मग आम्ही गाद्या, उशा, लोड-तक्के यांच्यावर आलो. मी शिवतो, मुलगा विकतो आणि पोचवतो. धार, कन्नौद, सतवास, कधीमधी जंगलातून उदयनगरपर्यंतसुद्धा.

उघड्या हौद्यातून गाद्या न्यायच्या तर सोबत माणूस लागतोच. गादी जड असली तरी गाडीने वेग घेतला की तिच्याखाली वारा शिरतो, कोपरा उचलला जातो, दोर ढिला पडतो. तेव्हा चालवणाऱ्याने पुढे बघायचं आणि शेजारच्याने मागे. मागच्या काचेतून हौद्यावर नजर ठेवणं हे माझं काम. कोपरा फडफडला की मी "थांब" म्हणायचो. मुलगा गाडी कडेला घ्यायचा आणि आम्ही दोघं उतरायचो, तो उजवीकडे, मी डावीकडे. "सोडला!" म्हणत तो दोर वरून फेकायचा. "आला!" म्हणत मी ओढायचो. गाठ मारायची, हात झटकायचे आणि पुढे निघायचं.

मुलगा हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलतो, पण अर्ध्या वाक्यात हिंदीच्या रुळावर जातो, आणि वाचायला दिलं तर दुसऱ्या ओळीला घाम फुटतो. दोर बांधताना मात्र तो माझ्या आजोबांसारखं बोलतो, कारण ते काम त्याला मराठीतच शिकवलेलं आहे. धारला जायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. तेवढा वेळ गाडीत आम्ही दोघंच. तो गिऱ्हाइकांच्या, मित्रांच्या, क्रिकेटच्या गोष्टी सांगायचा आणि मी कुरकुर करायचो.

कुरकुर हा माझा स्वभावच आहे. धारच्या वाटेवर बेटम्याच्या टपरीवरचा चहा म्हणजे कोमट पाणी. इंदूरच्या बाहेरचा रस्ता बांधणाऱ्याला त्याच रस्त्यावरून रोज सायकलने फिरवायला हवं. गाडीत लावलेलं गाणं म्हणजे डब्यात खडे घालून हलवणं. कंबर मोडली, मान आखडली, या वयात माणसाने घरी बसावं की मुलाचा क्लीनर व्हावं? असं सगळं मी रस्ताभर बोलायचो. बायको होती तेव्हा हे सगळं तिच्या वाट्याला यायचं आणि ती व्याजासकट परत करायची. ती गेल्यापासून घरात माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. सून शाळेत शिकवते, सकाळी लवकर जाते. पोर गुणाची आहे, माझं ताट झाकून ठेवते, आल्यावर "बाबा, जेवलात ना?" असं विचारते. मी हो म्हणतो. मग ती वह्या तपासायला बसते.

तर त्या माघात सतवासला एका लग्नघरी गाद्या पोचवायच्या होत्या. आभाळ सकाळपासून कुंद होतं. मी म्हटलं, "मावठा येणार, आज नको." मुलगा म्हणाला, "बाबा, कल फेरे हैं. आजच द्यायला लागेल." कन्नौदच्या अलीकडे, घाट संपता संपता, मावठ्याच्या अवकाळी पावसाने आम्हाला गाठलंच. जुनी ताडपत्री होती, पण ती अंगात आल्यासारखी फडफडायला लागली. आम्ही दोघं भर पावसात तिची टोकं धरून गाडीभोवती नाचत राहिलो. सतवासला पोचलो तेव्हा वरच्या गाद्या निथळत होत्या. भिजलेला कापूस म्हणजे मेलेला कापूस. नवरीच्या काकाने गादीवर तळवा दाबला, हाताला लागलेलं पाणी आम्हाला दाखवलं आणि एक शब्द न बोलता आत गेला. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना मुलगा म्हणाला, "बाबा, आता कव्हर लावून घेऊ. पूरा पॅक वाला." मी म्हटलं, "बघू."

बघू म्हटलं की आमच्याकडे गोष्ट बारा गावं फिरून येते, हे त्याला ठाऊक होतं. गाडी माझ्या नावावर, तेव्हा माझ्या होकाराशिवाय तो तिला खिळासुद्धा ठोकणार नाही. एका रविवारी तो मला ए. बी. रोडवरच्या दुकानात घेऊन गेला. तिथे एका पिकअपवर ते कव्हर चढवलेलंच होतं. लोखंडी पाइपांच्या कमानी, त्यांच्यावर जाड, गुळगुळीत, काळं कापड, मागे बॅगेला असते तशी रुंद चेन आणि चेनीला कुलूप. दुकानदार माळव्याचा, बोलण्यात लोणी. "काकासाब, ये लगवा लो, फिर आंधी आए के पानी, टेंशन नी. और देखो, एक हाथ से बंद होता हे. एक आदमी का काम. साथ में कोई नी चिये."

त्याने चेन खर्रकन ओढून दाखवली. मुलाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सोबत कुणी नको, हे त्या माणसाने किती आनंदाने सांगितलं! मी लगेच खुसपटं काढायला सुरुवात केली. रंग काळा, उन्हात आत भट्टी होईल. चेन धुळीने अडकेल. शिवण एकेरी आहे, वर्षभरात उसवेल. कमानी बुटक्या आहेत. दुकानदार प्रत्येकाला उत्तर देत होता आणि सगळी उत्तरं बरोबर होती, त्यामुळे मी आणखीच चिडलो. शेवटी मी म्हणालो, "डेरे शिवणाऱ्यांच्या घरात कव्हर विकत आणायचं? लोक तोंडात शेण घालतील. मी शिवतो."

मुलगा हसला. "तुम्ही शिवता तर मग बातच नाही, बाबा."

पुढचे दिवस फार बरे गेले. मी जाडं खाकी कॅनव्हास मागवलं. हौद्याचं माप मी टेपने नाही घेतलं, हाताने घेतलं, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, जसं वडील घ्यायचे. आमच्याकडे डेऱ्याची शिवण दुहेरी, आत घडी घालून, पाणी बाहेरच्या बाहेर निथळेल अशी. ती शिवण मी तरुणपणी शिकलो होतो आणि नंतर कधी वापरलीच नव्हती. हात विसरले नव्हते. कडेला पितळी कड्या ठोकल्या, त्यांतून दोर ओवला, बाजूंना झडपा ठेवल्या. सून एकदा खोलीत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, आज तुम्ही गुणगुणत होता." मी म्हटलं, "मशीनचा आवाज असेल."

मला वाटलं होतं, कव्हर आपलं असलं की सगळं जागच्या जागी राहील. माल कोरडा राहील, मुलगा खूश होईल आणि मी आपल्या खिडकीशी बसेन. कसं, ते मी नीट तपासून पाहिलं नव्हतं.

कव्हर चढवायच्या दिवशी गल्लीतली चार माणसं बघायला जमली. लोहाराकडून करून घेतलेल्या कमानींवर ते असं बसलं की कुठे सुरकुती नाही. समोरचा किराणावाला म्हणाला, "भिया, ये तो राजा की सवारी लग री हे." मी मिशीतल्या मिशीत हसलो. मग मुलगा म्हणाला, "थांबा बाबा, मी एकटा बांधून बघतो."

त्याने उजव्या बाजूचा दोर कड्यांतून ओढून वरून फेकला. डावीकडे पळत गेला आणि तो धरला. तोवर उजवीकडचा ढिला पडला. तो परत उजवीकडे आला, ओढला, गाठ मारायला गेला, तर डावी झडप मोकळी. त्याने पाय टेकवून, दातात दोर धरून, सगळे प्रकार करून पाहिले. गाडीभोवती त्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. जमलेली माणसं आधी हसत होती, मग एकेक करून निघून गेली. मी ओट्यावर उभा राहून बघत होतो आणि मला हळूहळू कळत गेलं की मी काय करून बसलो आहे. डेरा नेहमी दोन माणसं बांधतात. एक दोर सोडतो, दुसरा ओढतो. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कुणी एकट्याने बांधायचं काही शिवलंच नव्हतं. माझ्या हातांनी तेच केलं होतं. एकट्या माणसाचा विचार त्यांना सुचलाच नाही.

मुलगा घामाघूम होऊन ओट्यावर येऊन बसला. तो चिडला नाही. मला तो चिडायला हवा होता. म्हणाला, "बाबा, काम एक नंबर आहे. पण याला दोन माणसं लागतात."

"मग? दोन आहेत की आपण."

"अरे पण मग तुमची सुटका कशी होणार?"

मी विचारलं, "कसली सुटका?"

"तुम्ही किती परेशान होता गाडीत. कंबर दुखते, धूळ सोसत नाही, चहा आवडत नाही. हर बार म्हणता, या वयात घरी बसायला हवं. म्हणून तर मी कव्हरच्या मागे लागलो. माल भिजला ते एक झालं. पण मला वाटलं, एकदा पूरा पॅक झालं की तुम्ही आरामात घरी."

म्हणजे ते कव्हर माझ्यासाठी होतं. इतकी वर्षं रस्ताभर मी जे बोलत आलो, ते पोराने मन लावून ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. त्याच्या आईने कधी खरं मानलं नसतं. ती म्हणाली असती, "बोलून झालं? आता पाणी प्या." त्या क्षणी मला तिची इतकी आठवण आली की डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून मी कव्हरची शिवण तपासायला खाली वाकलो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या तोंडाला कुरकुरीची सवय, साध्या शब्दांची नाही. त्यात चारचौघांत आपली शिलाई फसली याचा रागही होता. मी म्हणालो, "बरं. आण जा ते दुकानातलं." म्हणजे होकार दिला. मुलाने माझे खांदे दाबले आणि म्हणाला, "थँक्यू, बाबा." दुसऱ्या दिवशी काळं कव्हर चढलं. माझं खाकी कॅनव्हास घडी करून कापसाच्या पोत्यांवर टाकलं.

कव्हर चांगलं निघालं, हे कबूल करायला हवं. चैत्रातल्या वावटळीत माल धुळीच्या कणाशिवाय पोचला. चेन अडकली नाही, शिवण उसवली नाही. मुलगा सकाळी एकटा निघायचा. खर्रकन चेन, खट्कन कुलूप, "येतो बाबा," आणि गल्लीच्या वळणावर हॉर्न. मग सून निघायची. मग मी कारखान्याच्या खोलीत. दुपारपर्यंत मी एकही शब्द बोललेला नसायचा. एकदा गिऱ्हाईक आलं तर माझा आवाज इतका घोगरा निघाला की त्याने विचारलं, "तबियत तो ठीक हे ना, काकासाब?" बेटम्याच्या चहाची वेळ झाली की मला चहा हवा व्हायचा. घरचा चहा उत्तम असतो, आलं घातलेला. त्याला नावं ठेवायला जागा नाही आणि ठेवली तरी ऐकायला कुणी नाही.

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे रीत आहे, नवी गादी गिऱ्हाइकाच्या घरी पोचली की जो शिवतो त्यानेच ती पहिल्यांदा अंथरायची, वरून हात फिरवायचा, गाठ-गोळा लागत नाही हे बघायचं आणि मग घरच्यांना बसायला सांगायचं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी ते मला पाणी द्यायचे, विचारपूस करायचे. धारला एक आजी होत्या, त्या माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी बोलायच्या. आता मुलगा अंथरतो. मी विचारलं, "हात फिरवतोस ना?" तो म्हणाला, "हो, फिरवतो ना." फिरवतही असेल. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं.

मी मनात पक्कं केलं की आता बोलायचं. कव्हर असू दे, चेन असू दे, कुणी मागे बघायची गरज नसू दे. गरज नसतानाही माणूस गाडीत बसू शकतो. एवढं सोपं होतं आणि ते ठरवायला मला पार चैत्र संपत आला. धारचा मोठा माल जायचा होता. मी पहाटे आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी चढवली. बायकोच्या फोटोला नमस्कार केला आणि तिला सांगितलंसुद्धा, "आज बोलतो." मुलगा चेन लावून कुलूप घालत होता. मी गाडीच्या डाव्या बाजूला गेलो आणि दार उघडलं.

सीटवर लोड होते. धारच्या बैठकीचे, नवेकोरे, पांढऱ्या अभ्र्यातले. एकावर एक रचून, हलू नयेत म्हणून त्यांना सीटबेल्ट लावलेला. पायांच्या जागेत उशा कोंबलेल्या.

मुलगा पलीकडून आला. "काय बाबा? काही राहिलं का?"

"मी येतो म्हटलं आज."

"का? काही काम आहे धारला?"

"काम काही नाही." मग मी ते बोललो. रागावल्यासारखंच निघालं, पण निघालं. "घरी करमत नाही मला. तुझ्याबरोबर यायला मला आवडायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. किल्ली हातातल्या हातात फिरवत होता, ती थांबली. "बाबा, तुम्हाला आवडायचं?"

"आवडायचं."

तो वाकून सीटबेल्ट सोडायला लागला. वरचा लोड काढून त्याने कडेवर घेतला, मागे गेला, चेन उघडली. मागे बोट शिरायला जागा नव्हती, हे मला माहीत होतं. माल मीच मोजून बांधला होता, उरलेला पुढच्या सीटवर जाईल हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. तो लोड कवटाळून गल्लीच्या मधोमध उभा राहिला, एकदा हौद्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात धारचा फोन आला. त्यांची पाहुणेमंडळी यायला लागली होती.

"जा तू," मी म्हटलं.

"बाबा, मला कसं कळणार? तुम्ही तर कभी..."

"तुला कसं कळणार," मी म्हटलं. "दे तो इकडे."

मी लोड त्याच्या हातातून घेतला, माझ्या जागेवर ठेवला आणि बेल्ट लावला. अभ्र्याला माझ्या बोटांचा डाग तर पडला नाही ना, ते पाहिलं. मग दार लावलं. नीट लागलं की नाही, ते एकदा ओढून बघितलं. तो खिडकीतून म्हणाला, "परसों कन्नौद आहे. पुढची सीट खाली ठेवतो, तुमच्यासाठी. पक्का." मी मान हलवली. गाडी वळणावर गेली आणि हॉर्न वाजला. मी टोपी काढून हातात घेतली आणि परवाच्या खेपेच्या गाद्या आजच भरून ठेवाव्यात म्हणून कापूस पिंजायला बसलो.